वाड्याचे तोंड आणि वाड्याचे पोट



आजचा विषय पत्रिकेवर छापलाच आहे : जुन्या जहागिरी वाड्यांच्या मागचे गोठे, पागा, पेवे, बळदे आणि खळी. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने गोठ्यावर काय बोलावे, असे काहींच्या मनात आले असेल. प्रश्न रास्त आहे. पण वास्तूत काय पाहायचे, कशाला सुंदर म्हणायचे आणि काय जपायचे, हा सौंदर्यशास्त्राचा प्रश्न आहे, आणि थोडासा नीतिशास्त्राचाही. म्हणून आज आम्ही समीक्षा करणार आहोत ती पुस्तकाची नव्हे, तर पाहण्याच्या एका सवयीची. ती सवय तुमच्या-आमच्या सर्वांच्या अंगवळणी पडलेली आहे.

सवय अशी. वाडा पाहायचा म्हटले की आपण दिंडी दरवाजापाशी उभे राहतो. मग देवडी, चौक, सुरूदार खांब, कोरीव तुळया, दिवाणखाना, देवघर. फोटो निघतात. माहिती सांगणारा या खांबाचे लाकूड कुठले, त्या गणेशपट्टीवरचे काम कुणाच्या काळचे, हे सांगतो. आणि वाडा संपतो! मागच्या दाराबाहेर कुणी जात नाही. गेले तर 'तिकडे काही नाही, गुरांचं होतं पूर्वी' एवढे ऐकून परततात. 'तिकडे काही नाही' या तीन शब्दांचीच चिकित्सा आज करायची आहे.

आपला निफाड तालुका या चिकित्सेला फार सोयीचा आहे. गोदावरी आणि कादवेच्या काठची काळी जमीन, आणि त्या जमिनीच्या उत्पन्नावर उभी राहिलेली घराणी. विंचूर हे विंचूरकरांचे. विठ्ठल शिवदेव विंचूरकर हे पेशवाईतले मोठे सरदार, १७६१ च्या पानिपतावर लढलेले. चांदोरी हे हिंगण्यांचे. दिल्ली दरबारात पेशव्यांची वकिली याच घराण्याने केली. म्हणजे अठराव्या शतकातल्या हिंदुस्थानच्या राजकारणात या तालुक्यातली दोन गावे थेट गुंतलेली होती.

आता एक गंमत बघा. पुण्यातला विंचूरकर वाडा सर्वांना ठाऊक असतो. लोकमान्य टिळक तिथे राहत होते, १८९२ साली स्वामी विवेकानंद तिथे त्यांच्याकडे उतरले होते, आणि सार्वजनिक गणेशोत्सवाच्या पहिल्या पर्वात त्या वाड्याचे नाव येते. हे सगळे महत्त्वाचेच आहे, आम्ही ते कमी लेखत नाही. पण त्या वाड्याला ज्या गावाचे नाव आहे, त्या गावात धान्य कुठे मळले जाई, कुठे साठे, किती बैल दावणीला असत, हे कुणी विचारत नाही. शहरातल्या वाड्याचा इतिहास आपण व्यक्तींच्या नावांनी लक्षात ठेवतो, आणि त्याला पोसणाऱ्या गावाचा इतिहास विसरतो. पुण्याचा वाडा हे तोंड. विंचूरचे खळे हे पोट. तोंडाचे चित्र काढतात, पोटाचे कुणी काढत नाही.

तेव्हा आधी या पोटात काय काय असे, ते पाहू. इथे बसलेल्या ज्येष्ठांना हे माहीत आहे, पण मागच्या रांगेत महाविद्यालयातली मुले दिसतात. त्यांच्यासाठी सांगतो.

खळे घ्या. सारवून टणक केलेली गोल जमीन, मध्ये रोवलेला तिवडा, त्याला बांधलेली बैलांची पात, बैलांच्या तोंडाला मुसकी. मळणी झाली की वारा पाहून तिवईवर उभे राहून उपणायचे; दाणा जवळ पडतो, भूस लांब जाते. म्हणजे जागा निवडताना वारा कुठून वाहतो हे ठाऊक पाहिजे. खळ्याला भिंत नाही, छप्पर नाही, पाया नाही. तरी ती वास्तूच आहे, कारण तिथे जागा, दिशा आणि काम यांचा नेमका मेळ घातलेला आहे.

पेव घ्या. हे तर जमिनीखालचे. आपल्याकडे गावाच्या जमिनीला 'पांढरी' म्हणतात आणि शेताच्या जमिनीला 'काळी'. काळी पाणी धरून ठेवते, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात धान्य पुरले तर नासेल. म्हणून पेव पांढरीत. तोंड अरुंद, पोट रुंद. आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची, वर पुन्हा कडबा, मग दगडी झाकण आणि मातीने लिंपण. हवा बंद झाली की किडा जगत नाही आणि ज्वारी वर्षानुवर्षे टिकते. पेव उघडताना मात्र घाई करायची नाही. आत कोंडलेला वायू माणूस मारतो. आधी दिवा सोडायचा. दिवा विझला तर उतरायचे नाही. रसायनशास्त्राचे पुस्तक न उघडता हे ज्ञान गावात होते.

आणि भाषा बघा. 'शिकवण्यांचं पेव फुटलंय', 'वाहिन्यांचं पेव फुटलंय' असे आपण रोज म्हणतो. ज्याने आयुष्यात पेव पाहिले नाही तोही म्हणतो. वस्तू गेली, वाक्प्रचार उरला. पण वस्तूच ठाऊक नसली, तर फुटले म्हणजे नेमके काय झाले हे त्या बोलणाऱ्याला कळणार कसे?

बळद हे त्याचे जमिनीवरचे भावंड. घराच्या भिंतीलगत बांधून काढलेली धान्याची बंद खोली. वरून भरायची, खालच्या तोंडातून काढायची. गोठ्यात गव्हाण, दावण आणि मुताला वाट देणारा जमिनीचा उतार. तो उतार उकिरड्याकडे, आणि उकिरड्याचे खत पुन्हा काळीकडे. विहिरीवर मोटेची धाव आणि पाणी पडायचे थारोळे. कडब्याची गंजी पावसाने कुजणार नाही अशी रचायची, तीही एक विद्याच. हे सगळे सुटे सुटे नाही. दाणा, कडबा, शेण, पाणी यांचा एक फेरा आहे आणि प्रत्येक इमारत त्या फेऱ्यातला एक थांबा आहे. पुढचा दिवाणखाना हा त्या फेऱ्यातला थांबा नाही. फेऱ्यातून जे उरले, त्यावर तो उभा आहे.

आता आपण आमच्या अंगणात येऊ, म्हणजे तत्त्वज्ञानात.

निकोलस पेव्हस्नर हे इंग्लंडमधले मोठे वास्तुकला-इतिहासकार. युरोपीय वास्तुकलेवरच्या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकाच्या आरंभीच ते एक भेद करतात. सायकली ठेवायची शेड ही नुसती इमारत, आणि लिंकनचे कॅथेड्रल ही वास्तुकला. का? तर वास्तुकला हा शब्द, त्यांच्या मते, सौंदर्याच्या दृष्टीने घडवलेल्या इमारतींनाच लावायचा. हा भेद तुम्हाला पुस्तकी वाटेल. पण आपला दिंडी दरवाजापाशी थांबणारा पाहुणा नकळत पेव्हस्नरांचाच शिष्य असतो. दिवाणखाना हे त्याचे कॅथेड्रल आणि गोठा ही त्याची सायकलची शेड.

गंमत म्हणजे पेव्हस्नरांच्याच देशात याचे उत्तर उभे आहे. ग्रेट कॉक्सवेल नावाच्या खेड्यात तेराव्या शतकाच्या अखेरीला एका मठाने बांधलेले धान्याचे कोठार आहे. विल्यम मॉरिस, ज्यांनी १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, ते आपल्या पाहुण्यांना मुद्दाम हे कोठार दाखवायला नेत आणि त्याला कॅथेड्रलच्या पंक्तीला बसवत. पुढे १९६४ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये बर्नार्ड रुडॉफ्स्की यांनी 'वास्तुरचनाकारांविना वास्तुकला' अशा अर्थाच्या नावाचे प्रदर्शन भरवले, आणि जगभरची कोठारे, गावे, विहिरी लोकांसमोर मांडली. म्हणजे वाद तिकडेही झालेला आहे. मात्र आपल्याला मॉरिस किंवा रुडॉफ्स्की पुरत नाहीत, आणि त्याचे कारण महत्त्वाचे आहे. त्यांचे म्हणणे असे की कोठारही सुंदर असते, त्यालाही मान द्या. हे खरे आहे. पण एवढ्यावर थांबलो तर आपण गोठ्याला दिवाणखान्याच्या शेजारची खुर्ची देतो, आणि पाहण्याची सवय तशीच राहते.

म्हणून थोडे कांटकडे जाऊ. १७९० च्या ग्रंथात कांट म्हणतो की सौंदर्य दोन प्रकारचे : एक स्वायत्त, फुलासारखे, ज्याला 'हे कशासाठी?' असे विचारावे लागत नाही. दुसरे परायत्त, जे वस्तूच्या प्रयोजनाशी बांधलेले असते. दुसऱ्याची उदाहरणे देताना तो देऊळ, राजवाडा, शस्त्रागार अशा इमारतींची नावे घेतो. म्हणजे इमारतीच्या सौंदर्यात प्रयोजन आलेच, हे कांटला मान्य आहे. पण त्याच ग्रंथाच्या आरंभी एक वेगळाच उतारा आहे. कांट विचारतो, समोरचा राजवाडा सुंदर आहे का? यावर कुणी रूसोसारखा संतापून म्हणेल की जनतेचा घाम असल्या निरुपयोगी गोष्टींवर उधळणाऱ्या बड्यांचा धिक्कार असो. कांट म्हणतो, असेल, मलाही ते पटेल. पण प्रश्न तो नाही. प्रश्न फक्त एवढाच, की निव्वळ पाहताना ते रूप आनंद देते की नाही.

आम्हाला वाटते, इथे कांटने घामाचा प्रश्न दाराबाहेर ठेवला. राजवाड्याबाबत तसे करणे निदान शक्य तरी आहे, कारण राजवाड्याच्या पुढच्या अंगावर घाम दिसत नाही. तो दिसू नये अशीच त्याची रचना असते. पण खळ्याबाबत हे करताच येत नाही. घाम वजा केला की खळे उरतच नाही, उरते रिकामी गोल जमीन. तेव्हा या मागच्या इमारती केवळ 'आणखी काही सुंदर वास्तू' नाहीत. राजवाड्यासमोर गप्प केलेला प्रश्न त्या पुन्हा बोलता करतात, आणि म्हणून त्यांच्याकडे पाहिल्यावर दिवाणखानाही वेगळा दिसू लागतो.

मराठीत हा विचार परका नाही. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयींमध्ये सौंदर्याचे तत्त्व शोधले. त्यांची दृष्टी रूपाकडे. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' या १९७४ च्या ग्रंथात दाखवले की सौंदर्याची आपली कल्पना लौकिक आणि अलौकिक अशा दोन ध्रुवांत ताणलेली असते, आणि कोणताही एक ध्रुव सोडून चालत नाही. वाड्याबाबत आपण नेमका एक ध्रुव सोडला आहे. खांबाच्या नक्षीतली लय आपण पाहतो. तो खांब कशाच्या जोरावर उभा राहिला हा लौकिक भाग आपण परसात टाकला.

तो लौकिक भाग आता स्पष्ट बोलू. खळ्यावर रास पडली की तिचे वाटे होत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या १९१५ च्या पुस्तकात गावाच्या या देण्याघेण्याचा तपशील आहे. सुतार, लोहार, चांभार, न्हावी, महार, मांग, सगळे बलुते घ्यायला खळ्यावर येत. कुणी कुठे उभे राहायचे, कुणाला आधी, कुणाला नंतर, कुणाला किती, हे ठरलेले. म्हणजे खळे ही धान्य मळायची जागा होती आणि गावाची उतरंड डोळ्यांना दिसायची जागाही. उरलेल्यातला मोठा वाटा सरंजामदाराच्या कोठाराकडे. याच निफाडात १८४२ साली जन्मलेल्या न्यायमूर्ती रानड्यांनी पुढे शेतकऱ्याचे कर्ज आणि सारापद्धती यांवर आपल्या अर्थशास्त्रीय निबंधांत लिहिले. कष्टाचे फळ कुठे जाते, हाच त्यांचाही प्रश्न होता. निफाडकरांना रानड्यांचा अभिमान आहे. तो प्रश्नही अभिमानाने जवळ ठेवला पाहिजे.

मग या इमारती ओस का पडल्या? काळाच्या ओघात, असे आपण म्हणतो. काळाचा ओघ म्हणजे काय, तर कायदे आणि यंत्रे. १९४८ चा कूळकायदा. १९५२ साली सरंजाम आणि जहागिरी सरकारजमा झाल्या. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी कुळे जमिनीची मालक ठरली. १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा. दुसऱ्याच्या शेतातले धान्य वाड्यात येणे थांबले, तेव्हा पेव रिकामे झाले. पुढे बैल गेले आणि ट्रॅक्टर आला, मळणीयंत्र आले, ज्वारीच्या जागी ऊस आणि द्राक्षे आली. म्हणजे रिकामे पेव ही नुसती पडझड नाही. ती एका न्याय्य बदलाची खूण आहे. तिच्यापाशी उभे राहून हळहळायचे की समाधान मानायचे, हे कोण पाहतो यावर ठरेल. आम्हाला दोन्ही शक्य वाटते.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. कुणी म्हणेल : ज्या वाड्याच्या उंबऱ्याच्या आत आमच्या आज्या-पणज्यांना पाय ठेवू दिला नाही, ज्यांना मागच्या अंगणात लांब उभे राहून पदर पसरावा लागला, ते अंगण आम्ही जपायचे कशाला? पडू दे. विंचूरहून थोड्याच अंतरावर येवले आहे. १९३५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा तिथेच केली. या मातीत हा आक्षेप हलक्याने घेता येणार नाही.

आमचे उत्तर असे. पुढचा वाडा जपला आणि मागचे पाडले, तर काय उरते? फक्त मालकाने स्वतःविषयी सांगितलेली गोष्ट. दिवाणखाना म्हणतो, आम्ही रसिक होतो, दानशूर होतो. तो खोटे बोलतो असे नाही, पण अर्धे बोलतो. उरलेले अर्धे खळे, गोठा, मागचे दार सांगते. अपमान जिथे घडला ती जागा पुसली, म्हणून अपमान पुसला जात नाही. पुसला जातो तो पुरावा. तेव्हा या जागा गौरवासाठी नव्हे, साक्षीसाठी राखायच्या. आणि तिथे लावायच्या पाटीवर मालकाच्या वंशावळीआधी, इथे कोण राबत होते आणि कुठे उभे राहत होते, हे लिहायचे. ही अट मान्य नसेल, तर आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूने आम्हीही आहोत.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. घरातली सून म्हणते, मामंजी, त्या पडक्या गोठ्यात साप निघतात, तिथे गाडी लावायला शेड करा. तिचे बरोबर आहे. घर राहणाऱ्यांचे असते, पाहणाऱ्यांचे नव्हे. सगळे गोठे जसेच्या तसे ठेवा असे सांगणारा माणूस स्वतः गोठ्यामागे राहत नसतो. आमची मागणी त्याहून लहान आहे. ती शेवटी सांगतो.

आधी कायद्याचे डोळे कुठवर पोचतात ते पाहा. केंद्राचा पुरातत्त्व कायदा १९५८ चा, राज्याचा १९६० चा. केंद्राच्या कायद्याखाली किमान १०० वर्षे जुनी वास्तू महत्त्वाची ठरली तर संरक्षित होते. पन्हाळ्याचा अंबरखाना पाहा. गंगा, यमुना, सरस्वती नावाची प्रचंड कोठारे आजही भक्कम उभी आहेत. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यात गड महिनोन्‌महिने टिकला, त्यामागे अशा साठ्यांचे बळ असते. किल्ल्यातले कोठार दगडाचे आहे आणि राजाशी जोडलेले आहे, म्हणून ते वाचले. खेड्यातले मातीचे आणि शेतकऱ्याशी जोडलेले, म्हणून ते यादीतच नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेने साध्यासुध्या, काळाने अर्थ प्राप्त झालेल्या वास्तूंनाही स्मारकाच्या व्याख्येत घेतले. साठ वर्षे होऊन गेली. सनद गावच्या शिवेवरच थांबली आहे. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊ लागली. चांगले आहे, लोकांना घराची सनद मिळते. पण ड्रोन वरून पाहतो. त्याला छप्पर दिसते. जमिनीखालचे पेव आणि बिनभिंतींचे खळे त्याला कसे दिसणार?

आता आम्ही म्हणतो ती विद्या मेली आहे काय? मुळीच नाही. लासलगावच्या रस्त्याला लागा आणि दोन्ही बाजूंच्या कांदाचाळी पाहा. उन्हाळ कांदा चार-सहा महिने टिकवायचा तर त्याला हवा पाहिजे. धान्याला हवा चालत नाही आणि कांद्याला हवेवाचून चालत नाही. म्हणून पेव बंद आणि चाळ उघडी. चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला, बाजूंना फटी ठेवून मारलेल्या पट्ट्या, कप्पे अरुंद, कांद्याचा थर बेताचा. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर बांधायची, म्हणजे पश्चिमेचा वारा आरपार जातो. वारा ओळखून खळ्याची जागा धरणारा शेतकरी आणि चाळीची दिशा धरणारा शेतकरी, यांचे शहाणपण एकाच घराण्यातले आहे. फरक एवढाच, की चाळीतला माल राबणाऱ्याच्या मालकीचा आहे. भाव मिळतो की नाही हे दुखणे आहेच. पण तो माल कुणाच्या वाड्यात जात नाही. निफाडची सर्वांत जिवंत वास्तू आज कोणती असे आम्हाला विचाराल, तर आम्ही कांदाचाळ म्हणू. पर्यटकाला मात्र ती 'शेड' वाटते. पेव्हस्नरांची सायकलची शेड!

तेव्हा आमची लहान मागणी. पहिली : प्रत्येक गावात ऐंशीच्या पुढची जी माणसे आहेत, त्यांना घेऊन गावठाणात एक फेरी मारा आणि पेव कुठे होते, खळे कुठे, पागा कुठे, बलुत्याला लोक कुठे उभे राहत, हे कागदावर उतरवा. सर्व वस्त्यांतली माणसे घ्या. मालकाला पेवाचे तोंड ठाऊक असते, आत उतरणाऱ्याला त्याचे पोट. दुसरी : नावे त्यांच्याच शब्दांत लिहा. 'स्टोअर रूम' लिहिले की बळद, कणगी, कोठार, पेव हे चार वेगवेगळे विचार एका शब्दात गाडले जातात. तिसरी : जुने सागवान हॉटेलांच्या सजावटीसाठी विकले जाते, विका, गरज असेल तर विका, पण खांब उतरवण्याआधी मोजमाप आणि फोटो घेऊन एक प्रत ग्रामपंचायतीत द्या. याला निधी लागत नाही, परवानगी लागत नाही. महाविद्यालयातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना एका शिबिरात एक गाव सहज होईल.

घाई का, तेही सांगतो. दगड आणखी शंभर वर्षे थांबेल. मातीची भिंत चार पावसाळे थांबेल. पण पेव उघडताना दिवा का सोडायचा हे स्वतः करून पाहिलेला माणूस किती थांबेल, याचा हिशोब तुम्हीच करा. पुढच्या वेळी कुणी वाडा दाखवायला नेले, तर दिंडी दरवाजाचा फोटो जरूर काढा. मग मागचे दार कुठे आहे ते विचारा, आणि ते उघडायला सांगा.

आता प्रश्न घेऊ.